भिंतीपलीकडील घंटा

ठाण्याहून कल्याणकडे निघालेली आगगाडी पारसिकचा डोंगर मागे टाकून डोंबिवलीच्या वाटेला लागली, की दोन्ही बाजूंस इमारतींच्या दाट रांगा दिसू लागतात. त्यांपैकी एखाद्या घरात आपण कल्पनेने प्रवेश करू. बाहेरच्या खोलीत राउटर नावाची लहानशी पेटी आहे. जगाशी असलेली घराची जोडणी तिच्यात येऊन थांबते. संगणक मात्र आतल्या खोलीत आहे, आणि तो जुन्या बनावटीचा असल्यामुळे बिनतारी लहरी झेलण्याची सोय त्याच्यात नाही. तार ओढावी, तर ती दोन दारांतून न्यावी लागते आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायांत येते. म्हणून घरातील शाळकरी मुलगी बाजारातून अंगठ्याच्या पेराएवढे एक उपकरण आणते आणि संगणकाच्या पाठीमागील यूएसबीच्या खाचेत ते बसविते.

प्रथम संगणक त्या पाहुण्यास ओळखीतच नाही. त्याच्याशी कसे बोलावे हे संगणकास शिकविणारी ड्रायव्हर नावाची आज्ञावली आधी बसवावी लागते. ती बसली, की शेजारपाजारच्या साऱ्या राउटरांची नावे पडद्यावर उमटतात. त्यांतून आपल्या घरचे नाव निवडून परवलीचा शब्द लिहावयाचा; एवढ्याने जोडणी होते. जोडणी झाली खरी, परंतु ती फार क्षीण! कारण उपकरण संगणकाच्या पत्र्याच्या पेटीमागे दडलेले आहे आणि मध्ये लोखंडी कपाटही उभे आहे. हातभर लांबीच्या तारेने मुलगी ते उपकरण पुढे मेजावर आणून ठेवते, आणि त्याच क्षणी जोडणी बळकट होते. मधली भिंत जेथे होती तेथेच आहे. भिंतीने लहरीस बऱ्याच अंशी वाट दिली. पत्र्याने मात्र ती अडविली होती.

विटांच्या भिंतीतून पार जाणारी आणि धातूच्या पत्र्यापुढे माघार घेणारी ही लहर कशी वागते, याचा बारकाईने अभ्यास करणाऱ्या जगातील अगदी पहिल्या संशोधकांत एका भारतीयाची गणना होते. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी, कलकत्त्यातील एका महाविद्यालयात, स्नानगृहाला लागून असलेल्या चिमुकल्या खोलीत त्याने आपले प्रयोग मांडले होते. त्याचे नाव जगदीशचंद्र बोस.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी पूर्व बंगालमधील मैमनसिंग येथे झाला. हा प्रदेश आता बांगलादेशात आहे. त्यांचे वडील भगवानचंद्र हे सरकारी नोकरीत डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. त्या काळी अशा अधिकाऱ्यांची मुले इंग्रजी शाळेत जात. मुलास इंग्रजी शाळेत घालणे हे प्रतिष्ठेचे लक्षण मानले जाई. भगवानचंद्रांनी मात्र जगदीशला गावच्या बंगाली शाळेत घातले. मुलाने आधी आपली भाषा व आपली माणसे ओळखावीत आणि मग परभाषेकडे वळावे, असे त्यांचे मत होते. शाळेत जगदीशच्या एका बाजूस वडिलांच्या मुसलमान शिपायाचा मुलगा बसे, तर दुसऱ्या बाजूस एका कोळ्याचा मुलगा. त्यांच्या तोंडून पशुपक्ष्यांच्या आणि जलचरांच्या गोष्टी ऐकताना जगदीशच्या मनात सृष्टीविषयी कुतूहल जागे झाले. हे सवंगडी घरी आले म्हणजे जगदीशची आई त्यांना आपल्या मुलाबरोबर प्रेमाने खाऊ घाली. त्या काळच्या सोवळ्याओवळ्याच्या समजुती ध्यानात घेतल्या, म्हणजे या साध्या गोष्टीचे मोल कळते.

या मुलाला शाळेत पोहोचविणारा मनुष्यही जगावेगळा होता. तो पूर्वी दरोडेखोर होता, आणि त्यास तुरुंगात धाडणारे न्यायाधीश दुसरे कोणी नसून स्वतः भगवानचंद्रच होते! शिक्षा भोगून सुटल्यावर पोटापाण्याची सोय नसल्याने तो त्यांच्याच दाराशी आला, आणि त्यांनी त्याला चाकरीस ठेवून घेतले. त्याच्या खांद्यावर बसून चिमुकला जगदीश शाळेत जाई आणि वाटेत त्याच्या दरोड्यांच्या व झटापटींच्या कथा ऐके.

वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास जगदीशचंद्र कलकत्त्यास आले. प्रथम हेअर स्कूलमध्ये आणि नंतर सेंट झेवियर्स शाळेत व महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. तेथे फादर लाफों नावाचे बेल्जियन धर्मगुरू पदार्थविज्ञान शिकवीत असत. नुसते पुस्तक वाचून न दाखविता प्रत्येक तत्त्व प्रयोग करून दाखवावयाचे, ही त्यांची रीत होती. जगदीशचंद्रांच्या हातांना उपकरणांची गोडी लागली ती येथे.

पदवी घेतल्यावर इंग्लंडला जाऊन सनदी परीक्षा द्यावी, असे तरुण जगदीशचंद्रांना वाटत होते. स्वतः सरकारी अधिकारी असूनही वडिलांनी त्यास नकार दिला. आपल्या मुलाने इतरांवर अधिकार गाजविण्यापेक्षा विद्येच्या क्षेत्रात स्वतःवर अधिकार मिळवावा, अशी त्यांची इच्छा होती. लोकोपयोगी उद्योगांत हात घातल्यामुळे भगवानचंद्र त्या वेळी कर्जात बुडाले होते. मुलाच्या प्रवासासाठी आपले दागिने मोडावयासही आईने तयारी दर्शविली. १८८० साली जगदीशचंद्र वैद्यक शिकण्यासाठी लंडनला गेले. परंतु निघण्यापूर्वी आसामात जडलेला ताप त्यांची पाठ सोडीना. शवविच्छेदनाच्या दालनातील उग्र वासाने तो अधिकच बळावे. अखेर वैद्यक सोडून त्यांनी केंब्रिज येथे निसर्गविज्ञानाचा अभ्यास आरंभिला आणि १८८४ साली पदवी संपादन केली. तेथे लॉर्ड रॅले यांच्यासारखा थोर पदार्थवैज्ञानिक त्यांना गुरू म्हणून लाभला. आजारपणाने जगदीशचंद्रांची एक वाट बंद केली आणि दुसरी उघडली, असेच म्हणावे लागेल.

१८८५ साली ते मायदेशी परतले आणि कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. ही जागा त्यांना सहजासहजी मिळाली नाही. भारतीय माणूस शास्त्रीय विषय शिकविण्यास लायक नसतो, अशी शिक्षणखात्यातील वरिष्ठांची ठाम समजूत होती. व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांची शिफारस असल्यामुळे नेमणूक झाली. पण वेतनात भेद केला गेला. भारतीय प्राध्यापकास युरोपीय प्राध्यापकाच्या दोनतृतीयांश वेतन द्यावयाचे असा प्रघात होता, आणि नेमणूक हंगामी आहे या सबबीवर जगदीशचंद्रांना त्याच्याही निम्मे, म्हणजे केवळ एकतृतीयांश वेतन देऊ करण्यात आले.

त्यांनी या अन्यायाविरुद्ध आरडाओरडा केला नाही, की राजीनामाही दिला नाही. ते रोज वेळेवर वर्गात जात, मन लावून शिकवीत, आणि वेतन मात्र घेत नसत. एक दोन महिने नव्हे, तर तब्बल तीन वर्षे त्यांनी हे व्रत चालविले. घरावर कर्जाचा डोंगर होता. १८८७ साली त्यांचा विवाह झाला. त्यांच्या पत्नी अबलाबाई मद्रासेत वैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या, सुविद्य व धीराच्या होत्या. नव्या संसारात पगाराचा एक पैसाही न घेता पतीचा निर्धार टिकवून धरणे हे त्यांनाही सोपे गेले नसेल. चरित्रकार या प्रसंगात जगदीशचंद्रांचे कौतुक करतात आणि अबलाबाईंना विसरतात. ते बरे नव्हे. अखेरीस अधिकाऱ्यांना आपली चूक उमगली. जगदीशचंद्रांची नेमणूक कायम झाली आणि मागील तीन वर्षांचे पूर्ण वेतन त्यांना एकरकमी मिळाले. ती रक्कम त्यांनी वडिलांचे कर्ज फेडण्यात खर्च केली.

आता त्या अदृश्य लहरींकडे वळू. वीज आणि चुंबकत्व यांच्या आंदोलनांतून लहरी निर्माण होतात आणि त्या प्रकाशाच्या वेगाने धावतात, असे मॅक्सवेल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८६५ साली गणिताने दाखविले होते. प्रकाश हाही त्याच जातीचा, केवळ त्याच्या लहरी अतिसूक्ष्म. १८८७-८८ मध्ये जर्मनीतील हाइनरिख हर्ट्झ याने विजेच्या ठिणग्यांतून अशा लहरी प्रत्यक्ष निर्माण केल्या. दुर्दैवाने १८९४ च्या पहिल्याच दिवशी, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी हर्ट्झचा अंत झाला. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला जगदीशचंद्रांनी आपल्या वयाची छत्तीस वर्षे पुरी केली, आणि त्या दिवशी उर्वरित आयुष्य संशोधनास वाहण्याचा संकल्प केला. हर्ट्झच्या कार्याविषयी ऑलिव्हर लॉज याने लिहिलेले पुस्तक तेव्हा नुकतेच त्यांच्या हाती आले होते.

संकल्प करणे सोपे होते. पण प्रयोगशाळा कोठे होती? महाविद्यालयातील स्नानगृहाला लागून एक कोनाडेवजा खोली होती, तिचीच त्यांनी प्रयोगशाळा केली. सरकारकडून संशोधनासाठी पैसा मिळत नसे. वर्गात शिकविण्याचे तास युरोपातील प्राध्यापकांपेक्षा कितीतरी अधिक होते. मदतीस होता एक पत्रेकाम करणारा कारागीर. विज्ञानाशी त्याचा काही संबंध आलेला नव्हता. जगदीशचंद्र त्याच्या शेजारी बसून त्यास उपकरणांचे भाग समजावून सांगत आणि तो ते घडवी. दिवसाचे अध्यापन आटोपून उरलेल्या वेळात अशा रीतीने जगातील एका अत्यंत नाजूक उपकरणाची जुळणी चालली होती.

ही अडचणच एका अर्थाने वाटाडी ठरली. हर्ट्झच्या लहरी हातभर लांबीच्या होत्या. अशा लहरीचे वक्रीभवन पाहावयाचे, तर लोलकही तसाच प्रचंड लागतो. हर्ट्झला डांबरासारख्या द्रव्याचा सुमारे दीड मीटर उंचीचा लोलक ओतावा लागला होता. जगदीशचंद्रांच्या खोलीत असा लोलक कोठून मावणार? त्यांनी उलट विचार केला. खोली मोठी करता येत नाही, तर लहर लहान करावी. धातूच्या लहान गोळ्यांमध्ये ठिणगी पाडून त्यांनी अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण केल्या. त्यांतील आखूड लहर सुमारे पाच मिलिमीटरांची होती. म्हणजे दर सेकंदास तिची साठ अब्ज आंदोलने होत. आज घरगुती राउटर ज्या लहरी वापरतात त्यांतील एक प्रकार सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीचा, तर दुसरा साधारण साडेपाच सेंटिमीटरांचा असतो. यावरून जगदीशचंद्र किती सूक्ष्म लहरींशी खेळत होते याची कल्पना येईल. त्यांचे सारे उपकरण मेजावर मावत असे आणि पेटीत घालून कोठेही नेता येई.

लहर आखूड होताच ती प्रकाशासारखी वागू लागली. धातूच्या पोकळ नळीतून तिला वाट काढून देता येऊ लागली; नळीचे तोंड कर्ण्यासारखे पसरट केले, की ती इच्छित दिशेने झेपावू लागली. गंधकाच्या लोलकातून ती वळली. आता तिचे ध्रुवण होते काय, म्हणजे तिची थरथर एकाच दिशेत बांधता येते काय, हे पाहावयाचे होते. यासाठी त्यांनी निवडलेली साधने पाहून आश्चर्य वाटते. बंगालात मुबलक पिकणारा ताग त्यांनी पिळून त्याच्या जुड्या केल्या, आणि पीळ ज्या दिशेचा असेल त्या दिशेने लहरीचे प्रतल फिरते असे दाखविले. दुसरे साधन तर कोणत्याही स्टेशनावर मिळणारे होते. ब्रॅडशॉ या नावाने प्रसिद्ध असलेले आगगाड्यांचे जाडजूड वेळापत्रक त्यांनी लहरीच्या वाटेत धरले. पानांच्या दिशेनुसार लहर कमीजास्त प्रमाणात पार जात होती. पुढे त्या पानांमध्ये धातूचे पातळ वर्ख घातल्यावर हे काम अधिकच चोख होऊ लागले. गाड्यांच्या वेळांसाठी छापलेले पुस्तक लहरींची चाळण बनले!

त्यांच्या शोधांचे पहिले निबंध १८९५ साली प्रसिद्ध झाले; एक बंगालच्या एशियाटिक सोसायटीपुढे आला, तर दुसरा लॉर्ड रॅले यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठविला. त्याच वर्षी कलकत्त्यातील एका जाहीर व्याख्यानात तो प्रयोग झाला, ज्यामुळे सामान्य नागरिकांनाही या विषयाचे नवल वाटले. एका खोलीत प्रेषक ठेवला होता आणि ग्राहक होता पंच्याहत्तर फुटांवरील तिसऱ्या खोलीत. मध्ये एक खोली, एक बोळ आणि तीन भक्कम भिंती. अध्यक्षस्थानी बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर होते, आणि त्यांचा भरदार देहही लहरीच्या वाटेतच होता. जगदीशचंद्रांनी कळ दाबताच पलीकडच्या खोलीत घंटा वाजली, पिस्तुलाचा बार उडाला आणि एका लहानशा सुरुंगाचा स्फोट झाला. दोन्ही खोल्यांना जोडणारी तार कोठेही नव्हती. यानंतर आपले घर आणि महाविद्यालय यांमध्ये सुमारे मैलभर अंतरावर संदेश पाठविण्याची त्यांची योजना होती. परंतु ती पुरी होण्यापूर्वीच त्यांना इंग्लंडला प्रयाण करावे लागले.

१८९६ च्या सप्टेंबरात लिव्हरपूल येथे ब्रिटिश असोसिएशनच्या सभेपुढे त्यांनी आपली उपकरणे मांडली. वृद्ध लॉर्ड केल्व्हिन पायाने अधू असूनही जिना चढून स्त्रियांच्या सज्जात गेले आणि त्यांनी अबलाबाईंचे अभिनंदन केले. २९ जानेवारी १८९७ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जगदीशचंद्रांचे व्याख्यान झाले. या व्याख्यानात त्यांनी एक विलक्षण तर्क मांडला. सूर्यापासून प्रकाश येतो, उष्णता येते; मग विजेच्या अशा लहरीही येत असल्या पाहिजेत. त्या आपणास सापडत नाहीत, याचे कारण त्या सूर्याच्या किंवा पृथ्वीच्या वातावरणात शोषल्या जात असाव्यात. पडताळा पाहण्याचे साधन तेव्हा कोणाजवळच नव्हते. हा तर्क आपण लक्षात ठेवू. त्याचा धागा पुढे कल्याणपर्यंत येणार आहे.

याच काळात लंडनमध्ये मार्कोनी हा इटालियन तरुण बिनतारी संदेशाचे प्रयोग करीत होता. त्याने १८९६ सालीच पेटंटासाठी अर्ज केला होता. १२ डिसेंबर १९०१ रोजी त्याने अटलांटिक महासागराच्या पलीकडून आलेला संकेत ऐकला आणि त्याचे नाव जगभर झाले. त्या प्रसंगी त्याने वापरलेला पारा व टेलिफोन यांचा ग्राहक जगदीशचंद्रांनी १८९९ साली रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या ग्राहकाच्याच जातीचा होता, असे १९९८ साली एका अभ्यासकाने कागदपत्रांच्या आधारे दाखवून दिले. यावरून मार्कोनीने काहीच केले नाही असे समजणे अन्यायाचे होईल. दूरवर संदेश पाठविण्याची यंत्रणा त्याने चिकाटीने उभारली आणि तिचा उद्योग केला. जगदीशचंद्रांचे ध्येयच निराळे होते. त्यांना संदेश पाठवावयाचा नव्हता, तर लहर जाणून घ्यावयाची होती.

तथापि येथेच त्यांच्या चरित्रातील सर्वांत अवघड प्रश्न उभा राहतो. १९०१ साली ते लंडनमध्ये असताना एका मोठ्या कारखान्याचा मालक पेटंटाचा छापील अर्ज घेऊन त्यांच्याकडे आला. शोध उघड करू नये, पेटंट घ्यावे, नफ्यात वाटेकरी व्हावे, असा त्याचा आग्रह होता. जगदीशचंद्रांनी नकार दिला आणि आपल्या मनाची तगमग आपले स्नेही रवींद्रनाथ ठाकूर यांना पत्राने कळविली. ज्ञान हे साऱ्यांचे आहे, त्यास कुलूप लावू नये, ही त्यांची धारणा होती. पैशाच्या मोहात एकदा सापडलो तर सुटका नाही, अशी त्यांना भीती वाटे. पुढे भगिनी निवेदिता व श्रीमती सारा बुल या हितचिंतक स्त्रियांच्या आग्रहावरून गॅलिना या शिशाच्या खनिजावर आधारलेल्या ग्राहकासाठी अमेरिकेत अर्ज करण्यात आला, आणि २९ मार्च १९०४ रोजी पेटंट मंजूरही झाले. स्फटिकाच्या या अंगच्या गुणावरच पुढे अर्धसंवाहकांचे अवघे शास्त्र उभे राहिले. संगणकाच्या पोटातील चकत्याही त्याच कुळातील आहेत. परंतु जगदीशचंद्रांनी त्या पेटंटापासून एक छदामही मिळविला नाही; ते तसेच मुदत संपून गेले.

त्यांचा हा त्याग निःसंशय थोर होता. पण त्याची किंमत कोणी मोजली, हेही पाहिले पाहिजे. केल्व्हिन आदी शास्त्रज्ञांनी सरकारकडे विनंती करूनही जगदीशचंद्रांना सुसज्ज प्रयोगशाळेसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. पेटंटाचा पैसा आला असता, तर कलकत्त्यातील त्या कोंदट खोलीशेजारी आणखी दहा तरुणांना काम करता आले असते; आणि या देशात बिनतारीच्या विद्येची एक परंपरा कदाचित तेव्हाच रुजली असती. हे आज म्हणणे सोपे आहे. ज्याने तीन वर्षे हक्काचे वेतन हाती घेतले नाही, त्याच्या दृष्टीने तो नकार त्याच स्वभावाचा भाग होता.

विसाव्या शतकाच्या आरंभी जगदीशचंद्रांचे लक्ष लहरींकडून सजीवांकडे वळले. आपले ग्राहक सतत वापरले तर थकल्यासारखे होतात आणि विश्रांतीनंतर पुन्हा ताजेतवाने होतात, हे त्यांच्या ध्यानात आले होते. धातू, वनस्पती आणि प्राणी यांच्या प्रतिसादात काही साम्य असेल काय, असा प्रश्न त्यांना पडला. वनस्पतीची वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखविणारे क्रेस्कोग्राफ नावाचे यंत्र त्यांनी बनविले. लाजाळूच्या रोपावर प्रयोग केले. त्यांच्या सर्वच अनुमानांना शास्त्रज्ञांनी मान्यता दिली नाही. रॉयल सोसायटीने त्यांचे काही निबंध छापण्याचे रोखून धरले होते. मात्र त्यांच्या यंत्रांची अचूकता नाकारणे कोणासही शक्य झाले नाही, आणि १९२० साली त्याच सोसायटीने त्यांना आपले सदस्य करून घेतले.

१९१७ साली सरकारने त्यांना सर ही पदवी दिली. त्याच वर्षी आपल्या वाढदिवशी, ३० नोव्हेंबरला, त्यांनी कलकत्त्यात बसु विज्ञान मंदिराची स्थापना केली. स्वतः भोगलेली अडचण पुढच्या पिढीच्या वाट्याला येऊ नये म्हणून आपली आयुष्यभराची बचत त्यांनी या कार्यास दिली. अबलाबाईंनी १९१९ साली नारी शिक्षा समिती स्थापून बंगालमधील स्त्रियांच्या शिक्षणाचे मोठे काम उभारले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे जगदीशचंद्रांचे देहावसान झाले. एकोणऐंशीवा वाढदिवस अवघ्या आठवड्यावर आला होता.

सूर्याविषयीचा त्यांचा तर्क मात्र तोपर्यंत तर्कच राहिला होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, इंग्लंडमधील रडार यंत्रांत एक खरखर ऐकू येऊ लागली. शत्रू अडथळा आणीत असावा असा संशय आला. परंतु शोधाअंती असे आढळले, की तो अडथळा प्रत्यक्ष सूर्याकडून येत होता. या लहरी जगदीशचंद्रांच्या लहरींहून बऱ्याच लांब होत्या आणि म्हणूनच वातावरणातून सुखरूप खाली पोहोचत होत्या. अतिसूक्ष्म लहरींना हवेतील बाष्प अडविते, हेही पुढे दोनच वर्षांत सिद्ध झाले. वातावरणासंबंधीचा त्यांचा कयास इतका जवळचा होता.

मग जगभर सूर्याच्या लहरी झेलणारी यंत्रे उभी राहू लागली. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ पॉट्स हिल येथे सुमारे सहा फूट व्यासाच्या बत्तीस तबकड्यांची एक रांग होती. ती तेथील सी.एस.आय.आर.ओ. या सरकारी विज्ञानसंस्थेच्या रेडिओ विभागाची होती. गोविंद स्वरूप हे तरुण भारतीय शास्त्रज्ञ १९५३ नंतर काही काळ तेथे शिकावयास गेले होते. त्या तबकड्यांचे तेथील काम संपल्यावर त्या भारताला भेट मिळाल्या. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्यावर स्वरूप व त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी त्या कल्याणजवळ उभारल्या. चोवीस तबकड्या पूर्वपश्चिम रांगेत सहाशे तीस मीटरांवर पसरल्या होत्या आणि आठ दक्षिणोत्तर रांगेत. १९६५ साली सुमारे अर्धा मीटर लांबीच्या सूर्यलहरी त्या झेलू लागल्या. एरवी घाटाकडे जाणाऱ्या गाड्यांच्या जंक्शनासाठी प्रसिद्ध असलेल्या कल्याणने अशा रीतीने भारतीय रेडिओखगोलशास्त्राचा आरंभ पाहिला. तेथे तयार झालेल्या मंडळींनी नंतर उटीची आणि जुन्नर तालुक्यातील खोडदची मोठी दुर्बीण बांधली. खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत.

आणि डोंबिवलीच्या घरातील त्या चिमुकल्या उपकरणाचे काय? त्याचीही एक मुळी सिडनीच्या त्याच रेडिओ विभागात आहे. घरात सोडलेली लहर भिंतींवर, कपाटांवर, खिडकीच्या गजांवर आदळून परतते, आणि एकच संदेश अनेक वाटांनी थोडा मागेपुढे येऊन पोहोचतो. त्यामुळे शब्दांत शब्द मिसळावेत तसा गोंधळ होतो. आकाशातील अतिक्षीण लहरी शोधताना जी गणिती हत्यारे हाती आली होती, ती वापरून जॉन ओसलिव्हन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या काही वर्षांत या गोंधळावर तोड काढली. संदेश एकाच धारेत न पाठविता अनेक मंद धारांत वाटून पाठवावयाचा, हे त्या युक्तीचे सार होय. त्यांच्या संस्थेने मात्र १९९६ साली अमेरिकेत पेटंट घेतले, ते न्यायालयांत लढून राखले, आणि त्यातून कोट्यवधी डॉलर मिळवून त्यांतील मोठा वाटा पुन्हा संशोधनास लावला. जगदीशचंद्रांनी जी वाट नाकारली होती, तिचा हा दुसरा शेवट.

२०१२ साली विद्युत अभियंत्यांच्या जागतिक संघटनेने कलकत्त्यातील प्रेसिडेन्सी येथे त्यांच्या सूक्ष्म लहरींच्या प्रयोगांचा स्मृतिफलक बसविला. योगायोग असा, की घरगुती बिनतारी जोडणीसाठी साठ अब्ज आंदोलनांची, म्हणजे पाच मिलिमीटरांची लहर वापरण्याचे मानकही त्याच वर्षी मंजूर झाले. ही लहर फार जलद काम करते. पण भिंत आडवी आली की ती बहुधा थांबते, म्हणून दोन्ही उपकरणे एकाच खोलीत समोरासमोर ठेवावी लागतात.

ज्यांच्या घरी संगणकास असा बाहेरून बसविलेला ग्राहक आहे, त्यांना एक प्रयोग सहज करता येईल. हातभर तारेने तो मेजावर घ्यावा आणि पडद्यावरील जोडणीच्या रेघा मोजाव्यात. मग राउटरच्या बाजूने ग्राहकाला अगदी चिकटून एखादे जाड पुस्तक उभे धरावे. बहुधा काहीच फरक पडणार नाही. नंतर पुस्तकाच्या जागी स्वयंपाकघरातील पोलादी ताट धरावे आणि रेघा पुन्हा मोजाव्यात.